आक्काची सकाळ

आमची आक्का हसली की रागावल्यासारखी दिसायची. ओठ ताणले जायचे, पण गाल काही वर चढायचे नाहीत. नव्या माणसाला वाटे, बाईला गुर्मी आहे. कसली डोंबलाची गुर्मी! हसण्याइतकंही त्राण तिच्यात उरलेलं नसायचं.

आक्का माझी थोरली जाऊ. तिकोणा पेठ या गावात आमची भाताची खाचरं आहेत आणि लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. सकाळी आक्काचा हात सगळ्यांच्या पुढे चाले. न्याहारीनंतर मात्र पापण्या उतरू लागत, आवाज नाकातून येई, रोपांची जुडी हातातून गळे. बांधावर जरा टेकली की पुन्हा उठून कामाला लागे. तिथेच घात झाला, बायकांना ते सोंग वाटू लागलं. आमच्यातली वडीलधारी ठकूमावशी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "निजलीस व्हय गं? सकाळी बरी, दुपारी आजारी!"

"निजले न्हाई मावशी, जागी हाय," एवढंच आक्का म्हणाली. पण त्या वर्षी तिने सावडच सोडली. "मला फेडायला जमायचं न्हाई, माज्या खाचरात कुणी येऊ नका." तिची रोपं पिवळी पडत चालली. मला त्या बायकांचा अस्सा संताप आला!

शेवटी मी तिला ओढतच तळेगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला छताकडे एकटक बघायला लावलं. बघता बघता पापण्या खाली आल्या. मग रक्त तपासलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस. रोगांपासून राखण करणारी शरीराची शक्तीच उलटते आणि नसांचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोचू देत नाही. वापरले की स्नायू दमतात, विसावले की चालतात. आक्काने एकच विचारलं, "म्हंजी म्या सोंग करत नव्हते न्हवं?" डॉक्टर "नाही" म्हणाले, तेव्हा ती ढसाढसा रडली.

गावात येऊन मी ठकूमावशीला हे चांगलं ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी न बोलावता आक्काच्या खाचरात उतरल्या. आक्का बांधावर बसून, बोटाने पापणी उचलून धरून बघत होती. मावशी चिखलातूनच ओरडली, "न्याहारीपतूर येत जा गं. तुजी सकाळ आमाला अख्ख्या दिसाच्या जागी."

गोळ्यांवर तिने आणखी काही लावण्या केल्या. मग एका थंडीत छातीत कफ भरला, श्वासाचे स्नायूच थकले आणि आक्का गेली.

आता वयानुसार मलाही पूर्वीसारखं काम होत नाही. परवा लावणीत मधेच बांधावर टेकले. कुणी काही विचारलं नाही. ठकूमावशीने नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला आक्काच्या आठवणीने रडू कोसळलं.