लुटेशियमनंतर काय?

किस्से मी जमवत नाही, ते ओपीडीत आपोआप साठतात. मंगळवारी मी धारला असतो, शुक्रवारी देवासला. पेशंट बहुतेक सत्तरीपुढचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. लुटेशियम म्हणजे शिरेतून जाऊन कॅन्सरच्या पेशींना आतूनच किरणं देणारं औषध. त्याचे डोस संपले की सगळ्यांचा प्रश्न एकच, आता पुढे काय?

धारचे एक बुवा देवळात पूजा करतात. त्यांना म्हटलं, "डोसनंतर थोडे दिवस नातवंडांपासून लांब राहायचं." बुवा हसले. "सोवळंच की हे. आजवर मी सगळ्यांना लांब ठेवलं, आता माझी पाळी."

देवासचे शिंदे म्हणजे कारखान्यातले रिटायर्ड फोरमन. मला डॉक्टर न म्हणता भियाच म्हणतात, माळव्यातलं 'भैया'. उपचारांचा तक्ताच करून आणला होता: हार्मोनचं इंजेक्शन, गोळ्या, किमो, लुटेशियम. पाचवा रकाना रिकामा. "भिया, ये खाली कॉलम देखके नींद नी आती. काहीतरी लिहा." मी लिहिलं, 'जीन टेस्टचा रिपोर्ट आल्यावर ठरवू.' त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हे काम नाही भिया, ही मीटिंग झाली!"

तिथल्याच एका मास्तरांनी विचारलं, "तुमचे वडील असते तर काय दिलं असतं?" म्हटलं, "त्यांनी माझं ऐकलंच नसतं." मास्तर लगेच म्हणाले, "मग त्यांनी काय केलं असतं ते सांगा."

आणि धारचे भाऊ. भाऊंना विचारावं आणि उत्तर त्यांच्या पत्नीनं, माईंनी द्यावं. "भूक लागते?" "अर्धी पोळी." "दुखतं?" "डावी कंबर. सांगत नाहीत, पण कूस बदलताना कळतं." भाऊ नुसती मान डोलवायचे. मीही माईंकडे बघूनच फाईल भरायचो.

परवा भाऊंचे रिपोर्ट आले. आजार लुटेशियमला दाद देईनासा झाला होता. जीन टेस्टमध्येही काही निघालं नाही, म्हणजे जीनमधल्या दोषावर चालणाऱ्या गोळ्यांचा रस्ता बंद. उरली दुसऱ्या जातीची किमो, नाहीतर दुखणं आटोक्यात ठेवून घरी आराम. किमोनं थकवा येणार. काही महिने मिळतील, पण खात्री नाही. सगळं सांगितलं आणि सवयीनं माईंकडे पाहिलं.

माई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्यांना विचारा."

मी खुर्ची भाऊंकडे वळवली. भाऊंनी घसा साफ केला.

"किमो घेतो," ते म्हणाले. "पण मला कसं वाटतंय, ते हिलाच विचारत जा."