पोस्तीनमामांची यादी

रविवार, दिनांक चौदा, सकाळी साडेदहा. जागा: नेकनूरच्या आमच्या वाचनालयाची पुढची खोली. हजर: मी म्हणजे ग्रंथपाल, शिपाई वामन, मामांची मुलगी सत्यभामा, आणि रोजचे सात वाचक. विषय एकच, पोस्तीनमामांना श्रद्धांजली. वामननं फोटोला हार घातला, दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, मग मला चार शब्द बोलायला सांगितलं. मला बोलता आलं नाही. लिहिता येतं, म्हणून लिहून ठेवते.

मामांनी माझ्यासमोर कधी एकाही पुस्तकाचं नाव वाचलं नाही. पुस्तक हातात आलं की ते पुठ्ठा उघडत आणि आतल्या बाजूला चिकटवलेल्या कोऱ्या कागदावरून अंगठा फिरवत. पुठ्ठा आणि पुस्तक एकमेकांना धरून राहतात ते या कागदाच्या जोरावर. त्याचं नाव पोस्तीन. अंगठा फिरवून झाला की निकाल: "जगंल," नाहीतर, "न्हाई जगत." एकदा एका पुढाऱ्यांचा गौरवग्रंथ वाचनालयाला भेट आला. चकचकीत, दोन्ही हातांनी उचलावा असा. समारंभ आटोपल्यावर मामांनी त्याचा पुठ्ठा उघडला आणि तिथंच उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला सांगितलं, "पोस्तीन लई पातळ लावलंय. साहेब पुठ्ठ्यातून निखळत्याल." कार्यकर्त्याला हसावं की रागवावं ते कळेना. त्या दिवसापासून गावानं त्यांना पोस्तीनमामा करून टाकलं.

तरुणपणी ते बीडच्या एका छापखान्यात बांधणीच्या कामावर होते. छापखान्यानं अक्षरांचे शिशाचे खिळे आणि जुनी यंत्रं भंगारात घातली, तेव्हा मामा आपली हत्यारं पिशवीत घालून गावी आले. शाळांची हजेरीपत्रकं, देवळातल्या पोथ्या, मशिदीतलं कुराण शरीफ, सगळं त्यांच्याकडे बांधायला यायचं. दर गुरुवारी ते आमच्या मागच्या पडवीत बसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सत्यभामा आणि जावई दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला माजलगावकडे जात, ते उन्हाळ्यातच परतत. अर्धं वर्ष घरात मामा एकटेच.

कामाच्या वेळी त्यांचा एक कायदा होता. वस्तू नावानं मागायची. वामन नवीन होता तेव्हा म्हणाला, "मामा, ते जरा सरकवा."

"ते म्हंजे काय बे?"

"ते... दाबायचं."

"तुला कुणी 'ते शिपायाचं' म्हनून हाक मारली तर चालंल का? शिकंजा हाय तो. शिकंजा."

मग वामनची उजळणी व्हायची. छापील ताव घडी घालून होतो तो फर्मा. फर्म्याच्या घडीत भोकं पाडतो तो टोचा. एकेक फर्मा दोऱ्यानं मागच्याला जोडत शिवायचं ती जुजबंदी. मैद्याची खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. वामनला सगळं पाठ झालं. मलाही झालं, कारण पडवीचं दार माझ्या टेबलामागंच उघडतं.

नुसत्या डिंकानं चिकटवलेली पुस्तकं त्यांना सहन व्हायची नाहीत. परीक्षेची गाइडं घेऊन मुलं येत, पानं गळून हातात आलेली. मामा ते पानांचं गाठोडं चाळून म्हणायचे, "ह्याला पुस्तक म्हनू नगा. कॅलेंडर हाय हे. रोज एक पान फाडायचं." असं म्हणून तेच गाठोडं शिवून द्यायचे, आणि पुढच्या वर्षी त्याच गाइडावर त्या मुलाचा धाकटा भाऊ पास व्हायचा.

सव्वा वर्षापूर्वीच्या एका गुरुवारी मी टेबलाशी देणगीच्या पुस्तकांची यादी करत होते. मागून मामांचा आवाज आला, "वामन, ते दे."

वामनला आयतीच संधी सापडली. "ते म्हंजे काय, मामा? त्याला काय नाव न्हाई का?"

मी हसले. वामन हसतच होता. मामांचं उत्तर ऐकायला मी वळून पाहिलं. त्यांचा हात पुढं होता, नजर टोच्यावर खिळलेली, आणि ओठ हलत होते. वामननं हसणं थांबवलं, टोचा उचलून त्यांच्या हातात ठेवला आणि उगीचच पाणी आणायला निघून गेला.

बीडच्या डॉक्टरांनी तपासलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा रेंगाळेल, असं सांगितलं. पुढच्या गुरुवारी मामा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. तोवर ते कधी खुर्चीवर बसले नव्हते.

"बाई, तुमी सगळ्याच्या याद्या करता. माझी करा."

"कशाची यादी, मामा?"

"कामाच्या शब्दांची. हात अजून चालत्यात, पर नाव गेलं की हात बी थांबतो. तुमी लिहून ठिवा आन् मला वाचून दाखवा. म्हंजे गाडी चालू राहील."

एवढंच त्यांचं मागणं होतं. यादी तयार असेल तोवर त्यांना काम करता येणार होतं. आणि असं काम माझ्याइतकं कुणाला जमणार, असं मला तेव्हा वाटलं.

चार गुरुवार त्यांनी सांगितलं, मी टिपून घेतलं. मग माझ्या सवयीप्रमाणे मी त्याची पक्की प्रत करायला घेतली. शब्द अकारादी लावले, समोर अर्थ, उजवीकडं शेऱ्याची जागा, समास आखलेला. यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना काहीच वाचून दाखवलं नाही. कच्चं कशाला वाचायचं, पक्कं झालं की वाचू, असा माझा हिशेब.

पक्की प्रत झाली त्या गुरुवारी मी वाचायला सुरुवात केली. "उसवण. कातरण. खळ. घडी. जुजबंदी. टोचा..."

मामा माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मग घाबरल्यासारखे म्हणाले, "हे कुणाचं हाय, बाई?"

"तुमचंच, मामा."

"माझं न्हाई. उसवल्या उसवल्या कातरण कावून येईल? फर्मे कुठं गेले?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या डोक्यात शब्द कामाच्या ओळीनं बसलेले होते, एकाचा हात धरून दुसरा. मी ती ओळ मोडून टाकली होती. आणि वाया घालवलेल्या त्या तीन आठवड्यांत सांगायचे राहिलेले मधले काही शब्द निघून गेले होते. ते परत मिळाले नाहीत. कुणी मला बोल लावला नाही. वामनला तर यात काही चुकलं हेच कळलं नाही. मला कळलं.

मी पक्की प्रत बाजूला ठेवली आणि कच्च्या टिपणांवरून, कामाच्या ओळीनं, नव्यानं लिहायला बसले. यावेळी लिहिता लिहिता वाचत गेले. "पहिलं जुनं शिवण उसवायचं." मामांची बोटं हलली. "फर्मे सुटे करायचे." बोटांनी हवेत फर्मे सुटे केले. "झटकून शिकंज्यात दाबायचे." दोन्ही हातांनी मळसूत्र आवळलं. असं एकेक करत सोळाव्या ओळीला आलो. "टोच्यानं भोकं पाडायची." पाडली.

आणि इथं ते थांबले. डावा हात बाजूला गेला, तळवा वर. नजर खाली डावीकडं, पडवीच्या फरशीवर. हात तसाच राहिला.

"मामा, याला काय म्हणायचं?"

"थांबा जरा."

मी थांबले. थोड्या वेळानं हात आपोआप मिटला, परत आला, आणि मी "जुजबंदी" म्हणताच शिवायला लागला. ती सतरावी ओळ होती. आकडा घालून मी जागा कोरी सोडली. पुढं वर्षभर दर गुरुवारी मी यादी वाचली, त्यांनी हातांनी पुस्तक बांधलं, आणि दर गुरुवारी सतराव्या ओळीला तो हात तसाच बाहेर यायचा. माझ्यामुळं गेलेला एखादा शब्द तिथं असावा, असं मी धरून चालले होते. बीडच्या दोन बांधणीवाल्यांना जाऊन विचारलं, परळीच्या एकाला फोन केला. भोकं आणि जुजबंदी यांच्यामध्ये काही नसतं, असं तिघांनीही सांगितलं.

यादीचे चार फर्मे झाले. "ही मीच बांधनार," मामा म्हणाले होते. शेवटच्या गुरुवारी त्यांनी चारही फर्म्यांना भोकं पाडली, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. मग हात बाजूला गेला आणि त्या दिवशी तो परत आलाच नाही. वामननं त्यांना घरी पोचवलं. मंगळवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

सभा संपल्यावर वाचक गेले. सत्यभामा मागच्या पडवीत येऊन उभी राहिली. तिला सोमवारी टोळीकडं परतायचं होतं. मी तिला चारही फर्मे दाखवले आणि मामा कसे बांधायचे ते सांगितलं. सतराव्या ओळीचा हात मी तिला करून दाखवला.

ती माझ्या हाताकडं पाहत राहिली. मामांना ती आन्ना म्हणायची. "माय बसायची ओ तिथं. डाव्या अंगाला, खाली. दोऱ्याला मेण लावून सुईत ओवून ठिवायची. आन्नानं हात केला की ती सुई ठिवायची."

"त्याला काय म्हणायचे ते?"

"काईच न्हाई. त्यांना कदी मागावंच लागलं न्हाई." तिनं वरचा फर्मा उचलून हातात धरला. "फोनवर मला म्हनायचे, कोन बोलतंय? माझं नाव बी गेलं व्हतं, बाई. आन् मायसाठी हात धरून बसले व्हते."

सत्यभामा काल गेली. यादी तिला हवी आहे. तिला वाचता येत नाही, तरी फडावरच्या झोपडीत, कोपीत ठेवीन म्हणाली. पण बांधून द्या, सुटे कागद वाऱ्यानं उडतील. हंगाम संपला की ती न्यायला येईल.

फर्मे टोचलेले आहेत. दोरा आणि मेण आणून ठेवलं आहे. सतरावी ओळ तिसऱ्या फर्म्याच्या आतल्या पानावर आहे, शिवल्यावर तिथं नीट लिहिता येणार नाही, म्हणून ती आधी भरायला हवी. "दोऱ्याला मेण लावणे" असं पेन्सिलीनं लिहून पाहिलं, खोडलं. तिच्या आईचं नाव लिहून पाहिलं, तेही खोडलं. ओळ अजून कोरीच आहे.