गोष्टीतला चोर

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तेव्हा चौथीच्या वर्गावर होते. शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा. वाचनपेटीतून एखादं पुस्तक काढायचं, मुलांना सतरंजीवर गोल बसवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. मुलांइतकीच मीही त्या तासाची वाट बघायची. माझं बालपण संगमनेरला गेलं. वडील कारकून होते, घरात पुस्तकं भरपूर. त्या पुस्तकांतल्या मुली माझ्यासारख्याच दोन वेण्या घालायच्या आणि त्यांचे बाबा माझ्या बाबांसारखेच संध्याकाळी ऑफिसातून यायचे. गोष्ट कुणाच्या मनाला लागू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं.

एका शनिवारी मी आधी न वाचलेलं पुस्तक उघडलं. गावात चोऱ्या होतात आणि मुलं युक्तीनं चोर पकडतात, अशी साधी गोष्ट होती. वर्ग रंगून गेला होता. शेवटी चोर सापडला. तो माळावर पालं टाकून राहणाऱ्या लोकांपैकी होता, असं त्यात लिहिलं होतं. शेजारी चित्र होतं: काळाकुट्ट माणूस, लाल डोळे, मागे फाटकं पाल. मी सवयीनं पुस्तक मुलांकडे फिरवलं, तर सगळ्यांच्या माना दाराजवळ बसलेल्या एका मुलीकडे वळल्या.

ती पारधी वस्तीवरून यायची. पाढ्यांत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला, "हिच्याच वस्तीवरचा आसंल!" सगळे हसले. मी "शांत बसा" म्हणाले आणि, हे लिहितानाही लाज वाटते, पुढचं पान वाचायला घेतलं. गोष्ट पुरी केली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. उसाचे फड मागे पडले की माळावर आठ-दहा पत्र्याची घरं. आई दारात भांडी घासत होती. तिनं हात पुसले, खाट पुढे ओढली. मुलगी आतून बाहेर आली नाही.

"आजारी आहे का?" मी विचारलं.

"न्हाई, बरी हाय." आईनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "बाई, गावात कोनी काय म्हनलं तर आमी ऐकून घेतो. सवय झालीया. पन ती म्हनती, पुस्तकातच छापल्यालं हाय. छापल्यालं खोटं हाय, आसं तिला कसं सांगू?"

"पुस्तक चुकलं, आणि मीही चुकले," मी म्हणाले. "तिला उद्या पाठवा."

"उद्या काय करनार तुमी?"

"अजून माहीत नाही. पण जे करीन ते त्याच मुलांसमोर करीन."

दुसऱ्या दिवशी ती आली, दाराजवळच बसली. मी वर्गाला सांगितलं, "शनिवारी माझं चुकलं. हसणं थांबवून तिथंच बोलायला हवं होतं, मी बोलले नाही." बाईंचं चुकतं हे ऐकून मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग मी पेटी जमिनीवर रिकामी केली. म्हटलं, "यात तुमच्यासारखं घर, तुमच्यासारखी माणसं शोधा. सापडली की सांगा."

तासभर पानं उलटत होती. एका मुसलमान मुलीला तिच्यासारखी माणसं फक्त ईदच्या पानावर सापडली. "बाकीच्या दिवशी आमी कुठं जातो?" तिनं मला विचारलं. पालातली माणसं त्या एका चोरापलीकडे कुठंच नव्हती. आणि शनिवारी ज्यानं टोमणा मारला होता तो मुलगा तीन पुस्तकं घेऊन आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"बाई, ह्यातले शेतकरी समदे येडेच हायेत. माझा बाप येडा न्हाई. त्यो ठिबकचं समदं स्वतः जोडतो."

"मग ज्यानं हे लिहिलं, त्यानं तुझ्या वडिलांना पाहिलं असेल का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. जरा वेळानं दाराकडे बघितलं.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं, ते चोराचं पुस्तक गुपचूप काढून टाकावं. शाळा समितीतले एक पालक तर मला म्हणाले, "गोष्ट ती गोष्ट, बाई. त्या लोकांचं एवढं कशाला? अभ्यासाचं बघा." मी म्हटलं, "हा अभ्यासच आहे. आणि पुस्तक मी काढणार नाही. ते काढलं तरी मुलांच्या डोक्यातलं चित्र निघायचं नाही. त्याच्या शेजारी दुसरं ठेवावं लागेल."

दुसरं पुस्तक मी स्वतःच लिहायला घेतलं. माळावर राहणारी मुलगी, तिला पाखरांचे आवाज ओळखता येतात, हरवलेल्या गावकऱ्यांना ती वाट दाखवते. मी फार खूश होते. सगळ्यात आधी दाराजवळच्या त्या मुलीलाच वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "बाई, पाखरं माझ्या आज्याला वळखू येत्यात. मला न्हाई येत."

"मग तुला काय येतं?"

"सायकल. म्हंजे येत न्हाई आजून. पन शिकतीया."

मी वही मिटली. चोराच्या जागी मी एक गुणी रानकन्या आणून बसवली होती. तिच्याकडे बघितलं मात्र नव्हतं.

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. भावाची मोठी सायकल, नळीखालून पाय घालून मारलेले पायडल, उताराला सुटलेला ब्रेक, ओढ्यात पडणं, फुटलेलं ढोपर, आईची बोलणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतार. पत्र्याचं घर चित्रात होतं, गोष्टीत त्याचा उल्लेखही नव्हता. चित्रं वर्गानं काढली. सायकलचं चित्र टोमणा मारणाऱ्या मुलानंच मागून घेतलं आणि तिला दोनदा विचारून साखळी नीट केली.

पालकसभेत तिनं ते स्वतः वाचलं. आधी आवाज फुटेना, गोष्टीत ओढ्यात पडल्यावर मात्र फुटला. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या पहिलीतल्या एका मुलीनं हात वर केला, "मग आली का सायकल?" "आली," ती म्हणाली, "पन ब्रेक आजून तसाच हाय." बायका हसल्या, तीही हसली. तिची आई मागे उभी होती. तिला पुढे बसायला जागा मात्र कुणी दिली नाही. समितीतले ते पालक तर सभेला आलेच नव्हते. एका पुस्तकानं गाव बदलतं असं मी म्हणणार नाही. पण ती मुलगी त्यानंतर वर्गात मधल्या रांगेत बसू लागली, आणि ती जागा तिला मी दिली नव्हती.

आता माझी बदली कोल्हारकडे झाली आहे. वर्गात नेण्याआधी प्रत्येक पुस्तक मी घरी वाचते. त्या जुन्या पुस्तकाच्या प्रकाशकांना मी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रासोबत आमच्या सायकलच्या गोष्टीची प्रत जोडली, तेव्हा नव्या आवृत्तीच्या वेळी विचार करू, असं चार ओळींचं उत्तर आलं. विचार करू म्हणजे काय, हे विचारणारं चौथं पत्र काल टाकलं.