थाळी वाजली की आत

मला शाळेत ठेवलं होतं शिजवायला. शिकवायला लागले ती गरजेपोटी. बोईसरहून मासवणच्या बाजूला आत गेलं की आमचा पाडा लागतो. तिथली ही चौथीपर्यंतची शाळा, एक खोली, पुढे पडवी, चार वर्ग आणि एक सर. सर मराठवाड्यातले. माणूस वाईट नव्हता, पण आठवड्यातले दोन दिवस त्याचे पालघरच्या बैठकीत जायचे. त्या दिवशी खिचडी उतरवली की पहिली-दुसरीची पोरं मी घेऊन बसायची. मीही याच खोलीत चौथी झाले. त्यापुढे शाळा पाहिली नाही.

पोरांना ते ठाऊक होतं. एकदा चौथीतला एक टोणगा म्हणाला, "डोकरी, तू चौथी नं आमी बी चौथी. मंग तू बाई कशी?" मी म्हटलं, "मी पास झाली हाय. तू हो, मंग बोल." बाकीची पोरं त्याला आठवडाभर चिडवत होती.

मी मारायची. खोटं कशाला सांगू. छडीने नाही, हाताने, पण लागेल असं. सर मारत नसत. त्यांना वरून येणाऱ्या कागदाची भीती होती. मला कुठला कागद नव्हता. म्हणून लहान पोरं सरांपेक्षा माझं जास्त ऐकत.

त्या वर्षी जमीन फार हलायची. डहाणूच्या बाजूने गडगड यायची आणि आमच्याकडे मांडणीवरची भांडी किणकिणायची. शाळेचं छप्पर कौलारू, वासे वाळवीने पोखरलेले. सर अर्ज पाठवत होते. उत्तर आलं ते सरावाचं. जमीन हलली की मुलांना बाहेर मोकळ्यात आणा, असा कागद. सरांनी तो सराव घेतला. त्यांनी लहानपणी गावाकडे भूकंपात पडलेली घरं पाहिली होती, त्यामुळे तो त्यांनी मनापासून घेतला.

महिन्याभराने दुसरा कागद आला. तारापूरच्या वीज केंद्रात कधी काही झालंच तर भोंगा होईल, तेव्हा सगळ्यांनी घरात शिरायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. त्याचाही सराव घ्यायचा होता. आता भोंगा आणायचा कुठून? बोईसरच्या कारखान्यांचा भोंगा दर पाळीला ऐकू येतो. त्याला पोरं मान वळवूनही बघत नाहीत. सर म्हणाले, "मावशी, तुम्ही थाळी वाजवा. थाळी म्हणजे भोंगा." मी थाळी घेतली, पळी घेतली आणि बडवली. पोरं आत.

सरांनी तो सराव एकदा घेतला, वहीत लिहिला, झालं. पण ते पालघरला गेले की मी तो परत परत घेत राहिले. पोरं गप बसत नसली की थाळी वाजवायची. लगेच लहान सगळी आत, दार बंद, शांतता. मला ते सोयीचं होतं.

एकेकाला काम वाटून दिलं होतं. मागची खिडकी लावायचं काम दुसरीतल्या एका मुलीचं. तिची आई आणि बाप दोघंही बोईसरला एका कारखान्यात ठेक्यावर जात. पोरगी हुशार, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एकदा थाळी वाजली तेव्हा ती हसत बसली, खिडकी उघडीच राहिली. मी तिच्या थोबाडीत दिली. म्हटलं, सगळी मेली असती ना तुझ्यापायी. त्यानंतर खिडकी लावायला ती कधी चुकली नाही.

झालं ते दुपारी, जेवणं आटोपल्यावर. सर पालघरला. ताटं घासून मी पडवीतल्या बाकावर एकावर एक रचून ठेवली होती आणि मागे टोप घासत होते. पोरं समोर अंगणात खेळत होती. म्हणजे बाहेर, जिथे असायला हवीत तिथेच.

गडगड आली. पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि टोप हातातून सुटला. तेवढ्यात पडवीतला ताटांचा ढीग फरशीवर कोसळला. चाळीस ताटं. तो आवाज थांबेचना. मी पुढे धावले तर लहान पोरं आत पळताना दिसली. मी ओरडले, "भायेर! भायेर या!" कोणाला ऐकू जाणार? मोठी पोरं अंगणात उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्यांना थाळीची फिकीर नव्हती. ती माझं कधीच नीट ऐकत नसत. ती वाचली.

छप्पर खाली आलं तोवर आत पोचली होती ती पाच. चार दाराशीच होती, त्यांना खरचटलं. ती मुलगी मागच्या खिडकीशी पोचली होती. वासा आणि त्यावरची कौलं तिच्या उजव्या हातावर आली. मी तिला ओढून काढलं तेव्हा खिडकी लावलेली होती. कडीसुद्धा.

बोईसरच्या दवाखान्यातून तिला पुढे मुंबईला पाठवलं. हात राहिला, पण कोपरात वळत नाही आणि बोटं मिटत नाहीत.

चौकशीला साहेब आले. त्यांनी वही पाहिली. दोन्ही सराव लिहिलेले होते, सरांची सही होती. मी मधे बोलले, थाळीचं सगळं सांगितलं, मी किती वेळा वाजवली तेही. सर माझ्याकडे बघून मान हलवत होते, गप बसा म्हणून. साहेब म्हणाले, "आजी, भूकंपाचा आणि थाळीचा काय संबंध?" आणि वही मिटली. नंतर छप्पर बदलून पत्रे घातले. सरांची बदली झाली, ती त्यांनी आधीच मागितली होती.

मग मी मुलीच्या आईकडे गेले. कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. ती तांदूळ निवडत होती. थोबाडीत दिली तेही मी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "म्हणजे तिनं तुझा ऐकला, म्हणून तिचा हात गेला."

मी म्हटलं, "हो."

"दुसऱ्यांच्या नाय ऐकणाऱ्या पोरी धड हाईत," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. बस म्हणाली नाही. मीही बसले नाही.

आता नवे सर आहेत. त्यांनाही सरावाचा कागद आला. मावशी, थाळी वाजवा म्हणाले. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग वहीत 'सराव घेण्यात आला' असं लिहिलं.

मुलगी शाळेत येत नाही. नाव पटावर आहे. जेवणाच्या वेळी मात्र आई तिला पाठवते, आई-बाप दोघंही कामावर असतात म्हणून. ती अंगणाच्या टोकाला उभी राहते, पत्र्याखाली येत नाही. मी तिचं ताट तिथे घेऊन जाते. ती डाव्या हाताने जेवते, माझ्याकडे बघत नाही. मी ताट दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवते, आवाज होणार नाही असं.