शिंप्याच्या दुकानात अण्णा

पित्ताच्या वाटेत नळी घातल्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. वहिनी हरखली. पण स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पोचला होता. डॉक्टर आम्हा दोघा भावांना म्हणाले, "नळीनं कावीळ उतरते, आजार नाही. आता काही महिन्यांचंच बोलायचं." अण्णांनी मान हलवली. मीही हलवली. आत मात्र काहीच हललं नाही.

परतताना अण्णांनी रिक्षा शिंप्याकडे थांबवली. पँट कमरेवर राहत नव्हती. शिंप्यानं टेप लावली, आकडा बघून पुन्हा लावली. मग म्हणाला, "जादाचं कापड कापत नाही, आत दुमडतो. तब्येत भरली की उसवून देईन."

"हो, ठेव तसंच," अण्णा शांतपणे म्हणाले.

हे त्यांनी कुणासाठी म्हटलं असेल? जाणाऱ्या माणसालाच मागे राहणाऱ्यांचा संकोच सांभाळावा लागतो की काय, कोण जाणे. मी बाकावर बसून मशीनचा आवाज ऐकत होतो. दोन घासांत पोट भरणारे अण्णा माझ्याकडे वळले.

"तू सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

मला खरंच आठवेना.