आत्याबाईंच्या दंडावरचे चार चटके

चहा घ्या आधी, मग सांगते. काय फजिती झाली म्हणून सांगू! अजून त्या शाळेवरून जाताना मी पदर पुढं ओढून घेते.

दहावीनंतर लग्न झालं आणि तीस वर्षांनी काय सुचलं, तर बारावीचा बाहेरून फॉर्म भरला! बाकी जमत होतं, पण इतिहासाच्या सनावळ्या? सकाळी पाठ, दुपारी सपाट! प्रकल्पाचे वीस मार्क हाच आधार. ते गेले की मी गेले.

ज्या शाळेतून फॉर्म भरला, तिथल्या इतिहासाच्या सरांनी विषय दिला, ‘आपल्या घरातला मुक्तिसंग्राम’. निजामाच्या राज्यातून मराठवाडा कसा सुटला, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं.

मी गाठलं रेणापूरजवळचं आमचं खेडं. तिथं आत्याबाई असतात, माझ्या सासऱ्यांची बहीण. नव्वदीला टेकल्या, पण सुपारी अजून स्वतः कातरतात.

“आत्याबाई, तुमच्या लहानपणी लई भीती होती म्हणे?”

“लई! ते आले म्हणलं की पोरंसोरं गायब! खाकी कपडे, कमरंला पट्टा. मायनं मला कणगीत घातलं, वरून गोधडी. दिसभर जवारीत बसले.”

धान्याच्या कणगीत, एवढीशी पोर! माझ्या अंगावर काटा आला.

“मग?”

“मग काय, शिंकले! धरलंच की. दोघांनी हात आवळला, आन् तिसऱ्यानं…”

त्यांनी बाही वर केली. दंडावर चार गोल, चकचकीत डाग.

चटके! तापल्या सळईचे! मला रडूच कोसळलं. “पुरे आत्याबाई, ऐकवत नाही,” म्हणत मी त्यांचे पाय धरले. त्या आपल्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. एवढी वर्षं या हातचं जेवले, आणि हात कुणाचा तेच कळलं नव्हतं हो!

घरी येऊन अकरा पानं लिहिली. ‘निजामाच्या रझाकारांनी चार चटके दिले, तरी त्या वीरबालेने तोंड उघडले नाही!’ आता तोंड उघडलं नाही, हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही! पेनच थांबेना.

सरांनी वाचलं, डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी वाचलं, चष्मा काढला. ठरलं! सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, आत्याबाईंचा सत्कार.

शाल झाली, श्रीफळ झालं. सगळं मैदान माना उंचावून बघतंय. सरांनी माईक पुढं धरला. “आजी, रझाकारांनी ते चटके दिले, तेव्हा काय वाटलं?”

“कसले चटके?”

“तुमच्या दंडावरचे…”

“ह्ये? ही तर देवीची लस हाय! टोचणारे आलते गावात.”

सर बिचारे चाचरत म्हणाले, “आणि रझाकार?”

“त्या वक्ताला आमी मामाकडं, सोलापूरच्या अंगाला व्हतो. म्या कुठं पाह्यले?”

एक पोरगी फिस्सकन हसली आणि मग अख्खं मैदान! मी खुर्चीतच एवढीशी झाले. गेले वीस मार्क!

आत्याबाई मात्र शाल सावरत ठणकावून म्हणाल्या, “हसता काय रे? गावात देवी आली, तवा आमच्या आळीतली सात लेकरं गेली. म्या न्हाई गेले. ह्या चार डागांनी राखलं मला.”

हसू जागच्या जागी थांबलं. लहान पोरी पुढं सरकून तो दंड बघायला लागल्या. मीही बघत राहिले. पुन्हा तसाच काटा अंगावर आला बघा.

खाली उतरल्यावर सर हळूच म्हणाले, “ताई, हाच इतिहास नीट विचारून पुन्हा लिहा. मार्क देतो. पण ‘ते आले’ म्हटलं की ‘कोण आले’ हे आधी विचारत जा!”

दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन आत्याबाईंपुढं हजर. “आता पहिल्यापासून सांगा, सगळं.”

त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं बघितलं.

“सांगते. पण आदी कबूल कर, रडणार न्हाईस. अगं, सुई मला टोचली व्हती, तुला न्हाई!”