दोन नावांचा ड्रम

साहेबानं आधी कानाखाली मारलीन. मग खोक्याचा पुठ्ठा फाडलान, त्यावर मार्करनं लिहिलंन, "मला इथर ओळखता येत नाही." सुतळी ओवून तो पुठ्ठा माझ्या गळ्यात अडकवलान. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत कँटीनच्या दारात उभा राहा, म्हणाला.

राहिलो उभा. पन्नाशीचा माणूस मी, घरात मुलगी बारावीला. माणसं माझ्या अंगावरून आत जात होती. एकजण म्हणाला, "काय तात्या, पत्रिका कोणाच्या लग्नाची?" सगळे हसले. माझा गाववाला मात्र मान खाली घालून गेला. ते जास्त लागलं.

गुन्हा काय, तर चुकीचा ड्रम आणला. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रसायनांच्या कंपनीत आम्ही चौथी शिकलेली माणसं ड्रम पट्ट्यावरून ओळखायचो. लाल पट्टा आयसोप्रोपिल इथर, निळा पट्टा साधा इथर. कंपनीनंच शिकवलेलं. त्या दिवशी नव्या व्यापाऱ्याचा माल आला, त्यात साध्या इथरलाच लाल पट्टा. सांगितलं कोणी नाही. साहेब एम.एस्सी., बाप मोठा बागायतदार. म्हणाला, "गुरं रंग बघतात, म्हाताऱ्या. माणसं नाव वाचतात."

ज्या कातळावर ती कंपनी उभी आहे, तिथं माझ्या बापानं गुरं राखली.

घरी गेलो. मुलीनं विचारलंन, "बाबा, मानेला वळ कसला? कोणी केलान?"

मी तिच्यावर हात उगारला. पोर मागे सरली नाही, बघत राहिली. तेव्हा मला माझाच हात दिसला. दुपारी माझ्या कानाखाली बसला, तसाच. खाली घेतला आणि म्हटलं, "इथरचं नाव कसं लावतात, ते आहे काय तुझ्या पुस्तकात? शिकव मला."

तिनं ओटीवर काजूच्या बिया मांडल्यान. मधे कोकमाचा एक रातांबा.

"हा ऑक्सिजन. बिया म्हणजे कार्बन. ह्याच्या एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण, एवढं बघायचं. दोन-दोन बिया असल्या तर डायइथाइल इथर, तुमचा निळा पट्टा. तीन-तीन, आणि दोन्हीकडे मधली बी रातांब्याला चिकटलेली, तर डायआयसोप्रोपिल. लाल पट्टा."

"झालं?"

"नाही. दुसरी रीत आहे. मोठी बाजू मुख्य धरायची. धाकटी, ऑक्सिजनसकट, तिच्या नावाला पुढून जोडायची."

"म्हणजे इथंही थोरला मालक आणि धाकटा त्याच्या दारात?"

"बाबा, रसायन आहे ते. भांडू नका."

"आणि दोन्ही सारखे असले तर?"

"तर कोणालाही मुख्य धरा. ह्या रीतीनं नाव तेवढं बदलतं. वस्तू तीच."

सगळा उन्हाळा आणि पावसाळा शिकलो. इंग्रजी अक्षरंसुद्धा. बोटांना घट्टे, अक्षर वळेना. पेन्सिली मोडल्या. परत तासल्या.

पाऊस सरल्यावर साहेबानं मला गोदामात बोलावलंन. कोपऱ्यात एक जुना ड्रम, अर्धा वापरलेला, विसरलेला. पट्टा नाही, नुसतं इंग्रजी लेबल. बुचाभोवती मिठासारखे पांढरे खडे. तपासणी येणार होती, त्याआधी ड्रम रिकामा करायचा होता. साहेबानं पाना माझ्या हातात दिलान. "खोल."

आयसोप्रोपिलचा उघडलेला ड्रम पडून राहिला की हवेनं आत स्फोटक धरतं. बुचाला खडे आले तर नुसतं फिरवलं तरी उडतो. हे आम्हाला ठाऊक होतं. एका जुन्या कामगाराची तीन बोटं तशीच गेलेली.

म्हटलं, "साहेब, हे आयसोप्रोपिल आहे."

"नाव वाच. अरे हो, तू काय वाचणार! ते नाही हे. दुसरं आहे."

मी लेबलावर बोट ठेवलं. एकेक अक्षर लावलं. मोठ्यानं वाचलं. "टू-आयसोप्रोपॉक्सीप्रोपेन. मधे ऑक्सिजन. इकडे तीन, तिकडे तीन, दोन्हीकडे मधलाच चिकटलेला. साहेब, हे तेच आहे. नाव दुसऱ्या रीतीनं लावलंय."

परत मारलीन. तोंडात रक्त आलं. कॉलर धरून माझं डोकं बुचाकडे ढकललंन. मी त्याचं मनगट पकडलं, त्याला ओढत चार हात मागे आणला आणि पिळलं. ओरडला. पिळत राहिलो. मग मनगट सोडलं आणि पाना त्याच्या मुठीत कोंबला.

"तुम्ही एम.एस्सी. तुम्ही खोला. मी तुमच्या शेजारी उभा राहतो."

त्यानं बुचाकडे बघितलंन. मग पाना जमिनीवर ठेवलान. हळूच. आवाज होऊ न देता.

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन्ही नावं त्याला माझ्याआधी वाचता येत होती. हात तेवढे माझे हवे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कागद पुढे आला. माफी लिही, कामावर ये. मी लिहिलं, "आयसोप्रोपिल इथर आणि टू-आयसोप्रोपॉक्सीप्रोपेन एकच. साहेबाला माहीत होतं." खाली माझं पूर्ण नाव. नोकरी गेली.

तो पुठ्ठा मी टाकलेला नाही. सुतळीसकट खुंटीला आहे. नाव वाचल्याशिवाय मी कोणाच्या हुकमानं बूच फिरवणार नाही, आणि माझ्यादेखत कोणाला फिरवू देणार नाही. कोणी हात उचललान, तर ह्या वयातही मनगट धरीन. आणि ह्या वेळी सोडणार नाही.